रॅक भरायचा कसा: डिस्ट्रिब्यूटरची उधारी की होलसेलचा रोखीचा माल?

बाजारपेठेतलं जुनं दुकान बंद पडलं की लोक म्हणतात, मॉलनं खाल्लं, ऑनलाइननं खाल्लं. खोटं नाही ते. पण त्या दुकानाचे शेवटचे सहा महिने आठवा. साबण होता तर पेस्ट नव्हती, चहा होता तर साखर संपलेली. गिऱ्हाईक दोनदा ‘नाही’ ऐकतं, तिसऱ्यांदा पायरी चढत नाही.

मोठ्यांचंही हेच झालं. ब्रिटनच्या वूलवर्थ्स या दुकानसाखळीला माल देणाऱ्यांचं, उधारी बुडाली तर भरपाई देणारं विमा संरक्षण २००८ मध्ये काढून घेतलं गेलं, तसे पुरवठादार रोख मागू लागले. ६ जानेवारी २००९ पर्यंत आठशेवर दुकानं बंद. आपल्याकडच्या बिग बाजारमध्येही पुरवठादारांची देणी थकली आणि २०२१ मध्ये रॅक ओस दिसू लागले, दुकानांचा ताबा जाण्याच्या कितीतरी आधी.

म्हणून नवं किराणा दुकान टाकणाऱ्यानं ‘स्वस्त कोण देतं’ याआधी ‘वाईट महिन्यात माल कोण देईल’ हे विचारावं.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे कंपनीचा माल दुकानोदुकानी पोचवणारा वितरक. त्याचा सेल्समन ठरल्या वारी दारात येतो. दोन डझन साबण, एक पेटी बिस्किटं, शाम्पूच्या चार लडी, एवढ्या छोट्या ऑर्डरलाही माल दुकानात पोचतो. हात बसला की आठ-पंधरा दिवसांची उधारी मिळते, एक्सपायरी आणि डॅमेज बहुतेक परत जातं. जाच एकच, महिनाअखेरचं टार्गेट. ‘शेठ, एवढी एक पेटी घ्याच’ म्हणत न खपणारा वाण गळ्यात मारतात. तिथं नाही म्हणायला शिकावं लागतं.

होलसेलला किंवा कॅश अँड कॅरीला, म्हणजे रोख देऊन माल स्वतः न्यायच्या मोठ्या घाऊक दुकानात, दर उतरता मिळतो, दहा कंपन्यांचा माल एका फेरीत येतो. पण हिशेब पूर्ण मांडा. समजा चोवीस नगांच्या पेटीवर नगामागे दोन रुपये वाचले, म्हणजे पेटीला ४८. अशा सहा पेट्या आणल्या तर २८८. टेम्पोचं भाडं आणि अर्धा दिवस बंद राहिलेला गल्ला त्यातून वजा करा. शिवाय माल परत नाही. एका दिवाळीला मी स्कीम बघून फरसाणाच्या दहा पेट्या रोखीनं उचलल्या. तीन पेट्या तारीख उलटून माळ्यावर राहिल्या, आणि त्याच आठवड्यात तेलाच्या बिलाला पैसे कमी पडले. स्वस्त घेतलेल्या मालानं रोजचा माल तोडला, हे मला अजून लागतं.

डाळी, गूळ, शेंगदाणे यांची गोष्ट वेगळी. ते हातात घेऊन, चावून बघूनच घ्यायचे, त्यामुळे बाजार समितीशेजारच्या अडतीला किंवा होलसेललाच जा. दुकानासाठी माल मागवायची ॲप्स मधेच काही कमी पडलं तर तेवढ्यापुरती ठेवा, सगळं दुकान त्यावर टाकू नका.

डिस्ट्रिब्यूटरची साखळीही तुटते, हे मात्र धरून चाला. कंपन्या ॲपवाल्यांना आणि मोठ्या घाऊक दुकानांना स्वस्त दर देतात, या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मालाचा पुरवठा थांबवला होता. होलसेलवाल्याशी ओळख असलेल्यांना अशा वेळी चार पेट्या तरी मिळतात.

माझा कौल असा: रोज खपणारा कंपनीचा माल डिस्ट्रिब्यूटरकडून, धान्य-कडधान्य रोखीनं, आणि बिल ठरल्या तारखेला. चेक एकदा परत गेला की सेल्समन गल्लीत येतो, तुमच्या दारावरून पुढं जातो.

सुरुवात उद्या सकाळी करता येईल. मीठ, साखर, चहा, तेल, काड्यापेटी, असे कधीच संपू द्यायचे नाहीत ते चाळीस वाण वहीत लिहा आणि प्रत्येकापुढं आकडा टाका. चहाचे सहा पुडे उरले की ऑर्डर, पाचावर जायचं नाही.