त्वचेचा रंग कागदावर नेमका उतरवण्यासाठी कलरचेकर क्लासिक किती उपयोगी?

कलरचेकर क्लासिक ही चोवीस रंगीत चौकोनांची पट्टी अनेक कामांसाठी वापरली जाते; या परीक्षणात मात्र तिला एकच कसोटी लावली आहे, ती म्हणजे डिजिटल फोटोची प्रिंट काढताना माणसाच्या त्वचेचा रंग खरा राहावा यासाठी तिची कितपत मदत होते. आकाश जरा जास्त निळे छापले गेले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ओळखीचा चेहरा किंचित जरी लालसर किंवा राखाडी उतरला, तरी पाहणाऱ्याला ते लगेच खटकते.

मॅकबेथ कंपनीच्या मॅकॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन या तिघांनी १९७६ मध्ये या पट्टीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे ती एक्स-राइटकडे आली आणि आता कॅलिब्राइट या नावाने विकली जाते. तिच्या पहिल्या ओळीतले पहिले दोन चौकोन त्वचेचे आहेत, एक गडद आणि एक उजळ, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फिल्मच्या काळात अनेक लॅबमध्ये प्रिंटचा रंग गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेल्या ‘शर्ली’ कार्डावरून ठरवला जात असे, आणि सावळ्या चेहऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागे. या पट्टीत दोन्ही टोकांना सुरुवातीपासून जागा मिळाली. शिवाय हे चौकोन केवळ दिसायला त्वचेसारखे नाहीत. त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होण्याची रीतही खऱ्या त्वचेच्या जवळ जाईल अशी त्यांची रचना आहे, त्यामुळे प्रकाश बदलला की तेही साधारण त्वचेसारखेच बदलतात.

रंग आकड्यांत मांडणाऱ्या ‘लॅब’ (L*a*b*) मापनपद्धतीत, जिथे काळ्याची उजळता ० आणि शुभ्राची १०० धरतात, गडद चौकोनाची उजळता सुमारे ३८ आणि उजळ चौकोनाची सुमारे ६६ आहे, मात्र लाली आणि पिवळेपणा यांचे प्रमाण दोघांतही जवळजवळ सारखेच आहे. म्हणजे त्वचेत्वचेतला मोठा फरक उजळतेचा असतो, रंगछटेचा फरक त्या मानाने थोडा. म्हणूनच छटा जराशी सरकली तरी चेहरा परका वाटू लागतो. पट्टीची मोठी उणीवही इथेच आहे. ३८ आणि ६६ यांच्या मधल्या विस्तृत पट्ट्यात, जिथे गव्हाळ आणि निमगोरे वर्ण येतात, तिथे त्वचेचा एकही चौकोन नाही. अनेक गव्हाळ चेहऱ्यांत लालीपेक्षा पिवळेपणा थोडा जास्त असतो, त्यामुळे दोन्ही चौकोन बरोबर जुळले तरी अशा चेहऱ्याची प्रिंट डोळ्यांनी तपासावीच लागते. याच मालिकेतल्या १४० चौकोनांच्या डिजिटल एसजी पट्टीत त्वचेच्या छटा अधिक आहेत. ज्यांचे कामच व्यक्तिचित्रांचे आहे, त्यांनी तिचा विचार करावा.

फोटो काढताना पट्टी चेहऱ्याशेजारी, त्याच प्रकाशात आणि चमक न येईल अशा कोनात धरून रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, एक फोटो घ्यावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती, शुभ्र चौकोनावरून न घेता त्याच्या शेजारच्या फिक्या करड्यावरून घ्यावा, कारण शुभ्र चौकोन अति प्रकाशात सहज जळून जातो. मग सोबतच्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याचे प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे टिपतो याची दुरुस्तीसाठीची नोंद, तयार करता येते. एवढे केल्यावर पडद्यावरचा चेहरा खूपच विश्वासार्ह होतो. मात्र एका गालावर खिडकीचा उजेड आणि दुसऱ्यावर दिव्याचा, किंवा हनुवटीखाली हिरवळीची झाक, असे असेल तर कोणतीही पट्टी ते एका झटक्यात सुधारू शकत नाही.

कॅमेऱ्याचे काम इथे संपते, पण चेहरे बिघडतात ते बहुतेक वेळा यापुढे. मॉनिटर फार प्रखर ठेवला तर पडद्यावर प्रसन्न दिसणारा चेहरा कागदावर काळवंडतो; उजेड प्रति चौरस मीटर १०० कँडेलाच्या आसपास असावा. माझ्या मते पट्टीचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपयोग प्रिंट तपासण्याचा आहे. प्रमाणित मूल्यांची पट्टीची फाइल आपल्या नेहमीच्या कागदावर छापावी, शाई पूर्ण वाळू द्यावी आणि अप्रत्यक्ष दिवसाउजेडात किंवा ५००० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली प्रिंट खऱ्या पट्टीशेजारी धरावी. करड्या चौकोनांतही रंगाची झाक असेल, तर कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद) चुकले आहे किंवा सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर हे दोघेही रंग बदलत आहेत, असा संशय घ्यावा. असे दुहेरी रूपांतर झाले की त्वचा अनेकदा गुलाबी-जांभळ्याकडे झुकते. करडे स्वच्छ असून फक्त त्वचेचे चौकोन भडक असतील, तर दोष बहुधा प्रोफाइलच्या रंगीत भागात किंवा छपाईसाठी रंगांचे रूपांतर कसे करायचे याच्या निवडीत (रेंडरिंग इंटेंट) असतो. कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने असतील, तर उजळ गालांवर थंड निळसर झाक येते, कारण तिथे शाई कमी आणि कागद जास्त दिसतो.

प्रिंट बाहेरून काढून घेणाऱ्यांनाही ही चाचणी तितकीच उपयोगी आहे. लॅबने दुसरे काही मागितले नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत द्यावी, आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवायला सांगावी आणि मोठ्या कामाआधी पट्टीची एक लहान प्रिंट मागवावी. अडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगपद्धतीतली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्रावर गेली, तर चेहरे निस्तेज येतात.

पट्टीचा पृष्ठभाग मॅट आहे आणि बोटांच्या तेलकटपणाने तो खराब होतो, म्हणून ती कडेनेच धरावी आणि काम झाल्यावर लगेच झाकून ठेवावी. पासपोर्ट ही तिची छोटी आवृत्ती खिशात मावते आणि व्यक्तिचित्राच्या अंतरावर पुरेशी आहे. प्रिंटशी तुलना करायला मात्र मोठे चौकोन अधिक सोयीचे पडतात. पट्टी देते तो खरा रंग. तो प्रत्येकाला आवडेलच असे नाही, कारण पुष्कळांना त्वचा प्रत्यक्षापेक्षा किंचित उबदार हवी असते. ती ऊब खुशाल द्यावी, पण चाचणी प्रिंटमधले करडे चौकोन स्वच्छ आल्यानंतरच, म्हणजे ती आपण दिलेली असेल, प्रिंटरने नव्हे.