वास पाण्याचा, बिल गॅसचं

एसी नीट गार करतोय, फक्त वास येतोय, आणि तरीही समोरचा मेकॅनिक "गॅस भरावा लागेल" म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. आमच्याकडे आलेल्याने हेच सांगून पैसे नेले. माणूस नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अत्यंत गोड. म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

एसी सुरू केला की न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास यायचा आणि थोड्या वेळाने कमी व्हायचा. गारव्यात काहीच फरक नव्हता. कंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. तो कंपनीचा नव्हताच. पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती, त्यावर फक्त कंपनीचं नाव वापरलेलं. खरा नंबर वॉरंटी कार्डावर असतो, तो तिथूनच घ्यावा.

आलेल्या माणसाने इनडोअर युनिटचं झाकण उघडलंच नाही. जाळ्या काढून झटकल्या, थेट बाहेरच्या युनिटकडे गेला आणि गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावला. मग मला बोलावून काटा दाखवला. "हे बघा मॅडम, गॅस अर्ध्यावर आलाय. तो खोलीत सुटतोय, त्याचाच वास आहे." माझी आई समोरच बसली होती. तिच्याकडे बघून म्हणाला, "घरात वयस्कर माणूस आहे, एसीच्या जंतूंनी न्यूमोनिया होतो. लीजनेला ऐकलंय ना?" आई घाबरली. माझा सगळ्यात जास्त राग आहे तो या वाक्यावर.

लीजनेला जिवाणू खरा आहे. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची मोठी साथ आली, तिच्या तपासात तो सापडला. पण तो पसरतो मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर, कारंजी, गरम पाण्याच्या टाक्या यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांमधून. घरातला स्प्लिट एसी हवा गार करायला पाणी वापरत नाही, त्यामुळे तो धोका इथे नाही. बुरशीने दमेकऱ्यांना किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, ते वेगळं. पण त्यावर उपाय सफाईचा, गॅसचा नाही.

त्याने गॅस "भरला", पुन्हा काटा दाखवला (आता तो छान वर होता), कॉइलवर लिंबाच्या वासाचा फेस मारला आणि रोख पैसे घेऊन गेला. पावतीवर फक्त "गॅस चार्जिंग, सर्व्हिस". लिंबाचा वास ओसरला तसा कुबट वास परत आला. फोन केला तर म्हणाला, आता कॉइलच बदलावी लागेल.

तेव्हा मी ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी आधी पुढचं झाकण काढलं आणि टॉर्च आत मारला. ब्लोअरच्या, म्हणजे खोलीत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, प्रत्येक पात्यावर काळा, मऊ थर. ड्रेन ट्रेमध्ये बुळबुळीत पाणी, कारण बाहेर जाणाऱ्या पाइपला मध्येच चढ आलेला होता आणि पाणी पुढे सरकतच नव्हतं. वास येत होता तो इथून. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते, जाळीतून निसटलेली धूळ त्यात बसते आणि अंधाऱ्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. काकांनी खाली प्लास्टिक बांधून जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुतला, ट्रे साफ केला, पाइपला उतार दिला. वास गेला.

मग मी काट्याची गोष्ट विचारली. बाहेरच्या युनिटला दोन नळ्या असतात, एक जाड, एक बारीक. कॉम्प्रेसर चालू असताना बारीक नळीचा व्हॉल्व्ह थोडा बंद केला की गॅस बाहेरच्या युनिटमध्येच अडकतो आणि जाड नळीवर लावलेला काटा खाली येतो. व्हॉल्व्ह उघडला की काटा आपोआप वर. गॅसची बाटली नुसती शेजारी उभी असली तरी चालते! काकांनी दाब मोजला तर तो जितका हवा तितकाच होता. खरंच अर्धा गॅस वर घातला असता तर काटा त्याच्या पुष्कळ वर गेला असता. म्हणजे आम्ही पैसे मोजले ते व्हॉल्व्ह फिरवण्याचे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि कमी होतो तो फक्त गळतीने. गळती असेल तर गारवा घटतो, बऱ्याचदा कॉइलवर किंवा नळीवर बर्फ धरतो, आणि गळती शोधून ती बंद केल्याशिवाय वर गॅस भरण्याला अर्थ नसतो. शिवाय घरच्या एसीतले आर-32, आर-410ए हे गॅस जवळजवळ गंधहीन असतात, त्यांना कुबट वास येत नाही.

वासाचा प्रकारही बघा. गटारासारखा वास असेल तर ड्रेन पाइप सांडपाण्याच्या नळीला थेट जोडलाय का ते तपासा, कारण मध्ये पाण्याचा सापळा (पाणी साठून राहणारं नळीचं वळण) नसेल तर तिकडची हवा खोलीत येते. जळकट वास आला तर मात्र काही तपासत बसू नका, मेन स्विच बंद करा आणि मगच कुणाला बोलवा. कुबट वास पुन्हा येऊ नये म्हणून आम्ही आता जाळ्या नियमित धुऊन पूर्ण वाळवून बसवतो आणि एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता फॅन मोडवर ठेवतो, म्हणजे कॉइल कोरडी होते.

आणि कधी खरोखर गॅस भरायची वेळ आलीच, तर बाटली वजनकाट्यावर ठेवायला सांगा. कोणता गॅस आणि किती वजनाचा, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. तेच नाव आणि भरलेलं वजन पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर त्याला नळीला हात लावू देऊ नका.