एक्सेलमधलं पॉवर क्वेरी : सोलापुरात ऑफिसची नोकरी करणाऱ्यांनी शिकावं का?

महिना संपला की टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसात एक ठरलेलं काम निघतं. रोजच्या उत्पादनाच्या तीस फाइली उघडायच्या, एकेकीतला डेटा कॉपी करून एका शीटमध्ये चिकटवायचा, वरच्या रिकाम्या ओळी आणि खालची बेरीज काढायची, मग मालकांना हवा तसा रिपोर्ट बसवायचा. अक्कलकोट रोड काय, चिंचोळी एमआयडीसी काय, यात दोन-तीन दिवस सहज जातात. हे काम 'रिफ्रेश ऑल' या एका बटणावर आणणारं साधन एक्सेलमध्येच असतं. त्याचं नाव पॉवर क्वेरी. डेटा एंट्रीतून एमआयएसच्या, म्हणजे व्यवस्थापनाला लागणारे रिपोर्ट बनवण्याच्या, कामाकडे सरकायचं असेल, तर माझ्या मते शंभर फॉर्म्युले पाठ करण्याआधी हे शिकावं.

आधी आवृत्तीचं बघा. विंडोजवरच्या एक्सेल 2016 पासून पुढे ते आतच बसवलेलं आहे, 'डेटा' टॅबमध्ये 'गेट डेटा' किंवा 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' या नावाखाली. एक्सलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद शोधून आणणारा फॉर्म्युला) मात्र 2021 पासून पुढच्या आवृत्त्यांत किंवा मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये मिळतं, 2016 आणि 2019 मध्ये नाही. शिवाय या दोन आवृत्त्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत. शिकण्यापुरत्या त्या चालतील, नवीन विकत घेताना घेऊ नका. ब्राउझरमधलं मोफत एक्सेल सरावाला ठीक आहे, पण त्यात व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत आणि तुमच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर जोडता येत नाही. आणि पॉवर क्वेरीची खरी ताकद फोल्डरमध्येच आहे.

ते असं चालतं. रोजच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर', मग 'कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म डेटा'. एडिटर उघडला की नमुन्याच्या फाइलवर तुम्ही जे कराल तेच बाकीच्या सगळ्या फाइलींवर होतं: वरच्या तीन ओळी काढा, पहिली ओळ हेडिंग करा, बेरजेची ओळ गाळा. पाळीनिहाय पीस आडवे मांडलेले असतील, म्हणजे पहिली पाळी, दुसरी, तिसरी असे वेगळे कॉलम असतील, तर तारीख, लूम (माग) नंबर, क्वालिटी (मालाचा प्रकार) हे कॉलम निवडून 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करा. आडवा तक्ता उभा झाला की पिव्हट टेबल (गट पाडून बेरजा दाखवणारा एक्सेलचा तक्ता) त्यावर हवं ते काढून देतो. शेवटी 'क्लोज अँड लोड टू'. पुढच्या दिवसाची फाइल फोल्डरमध्ये टाकायची आणि रिफ्रेश करायचं. प्रत्येक पायरी उजव्या बाजूला नोंदलेली राहते, त्यामुळे आकडा कुठून आला हे तीन महिन्यांनीही दाखवता येतं. कॉपी-पेस्टच्या फाइलीत हे शक्य नाही.

अडतं कुठे, हे शिकवणारे फारसं सांगत नाहीत. एखाद्या फाइलीत शीटचं नाव वेगळं असलं की 'द की डिडन्ट मॅच एनी रोज इन द टेबल' अशी एरर येते आणि नवीन माणूस तिथेच थांबतो. कारण साधं असतं: बाकी फाइलींत 'प्रॉडक्शन' आणि एकीत 'प्रॉडक्शन 2'. दुसरी अडचण 'चेंज्ड टाइप' या पायरीची. एक्सेल ती आपोआप टाकतं, तिच्यात कॉलमची नावं पक्की बसतात, आणि कुणी हेडिंग बदललं की पूर्ण क्वेरी, म्हणजे या पायऱ्यांची साखळी, बंद पडते. ती पायरी काढून टाका आणि शेवटी, हेडिंगं जुळवून झाल्यावर, स्वतःच्या हाताने टाइप ठरवा. तिसरी गंमत वाटावी अशी पण त्रासदायक: फोल्डरमधली फाइल कुणाकडे उघडी असेल तर '~$' ने सुरू होणारी लपलेली फाइल तिथे तयार होते आणि क्वेरी कधीकधी तिलाही वाचायला जाते. नावावर फिल्टर लावून ती आधीच गाळा. रिफ्रेश करूनही पिव्हटमध्ये जुनाच आकडा दिसत असेल, तर क्वेरीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एनेबल बॅकग्राउंड रिफ्रेश' बंद करा. क्वेरी पूर्ण व्हायच्या आतच पिव्हट ताजा होतो, म्हणून तसं होतं.

तारखांनी जेवढं रडवलंय तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. विंडोजचं रीजन अमेरिकेचं असेल तर 04-07-2025 ही 4 जुलैची नोंद 7 एप्रिल होते आणि 13-07-2025 नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटते. अर्धा महिना चुकीचा, अर्धा मजकूर. कॉलमवर राइट क्लिक करून 'चेंज टाइप', 'यूझिंग लोकेल', इंग्लिश इंडिया असं निवडलं की सुटतं. बिल नंबरचंही तसंच. 5-24 असा बिल नंबर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) थेट उघडल्यावर तारीख बनतो, आणि मग जीएसटीआर-2बी शी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) परचेस रजिस्टर जुळवताना ते बिल सापडतच नाही. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका. क्वेरीतून आणा आणि बिल नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा. खाते नंबरही टेक्स्टच, कारण एक्सेल 15 अंकांपर्यंतच अचूक राहतं, सोळाव्या जागी शून्य बसतं. 2बी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं. जुळवताना जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर यांची जोडी धरा, रकमेत रुपयाभराचा फरक चालू द्या.

मराठी नोंदी असतील तर आणखी एक काळजी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अगम्य दिसतो आणि युनिकोडमधल्या नावाशी कधीच जुळत नाही. युनिकोडमध्येही फसगत होते: 'टॉवेल'मधला 'ॉ' एका कळीने टाइप केलेला आणि काना-चंद्र वेगळे देऊन केलेला, दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण एक्सेलला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पिव्हटमध्ये टॉवेलच्या दोन ओळी दिसल्या तर हे तपासा. त्यावर उपाय म्हणजे क्वालिटी हाताने टाइप करू न देणं. डेटा व्हॅलिडेशनची यादी द्या. सीएसव्ही सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

टॅलीमधून आणलेल्या काही रिपोर्टांत डेबिट-क्रेडिट हे सेलमध्ये लिहिलेलं नसतं, फक्त नंबर फॉरमॅट असतो. क्वेरी किंमत वाचते, फॉरमॅट वाचत नाही. मग येणं आणि देणं दोन्ही अधिक होऊन बेरजेला लागतात. डेबिट आणि क्रेडिटचे वेगळे कॉलम असलेला रिपोर्टच एक्सपोर्ट करा.

इथपर्यंत पॉवर क्वेरीला चांगले गुण. पण ते डेटा साफ करतं, विचार तुमचाच लागतो. सरासरीचीच चूक घ्या. एका लूमवर 400 पीस निघाले, 8 सेकंड (दोष असलेले पीस), म्हणजे 2 टक्के. दुसऱ्यावर 100 पीस, 10 सेकंड, म्हणजे 10 टक्के. दोन्हींची सरासरी 6 टक्के लिहिली तर रिपोर्ट चुकला, कारण 500 पिसांत 18 सेकंड म्हणजे 3.6 टक्के. टक्क्यांचा कॉलम पिव्हटमध्ये ॲव्हरेजला टाकायचा नाही. 'कॅल्क्युलेटेड फील्ड' मध्ये सेकंड भागिले एकूण पीस असं लिहा, तिथे आधी बेरीज होते आणि मग भागाकार. साखर कारखान्याच्या गाळप अहवालात उताऱ्याची सरासरी काढतानाही हाच नियम लागतो, साखर भागिले ऊस.

नोंद तपासायला वजनाचा कॉलम ठेवा. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर, 450 जीएसएमला (चौरस मीटरला 450 ग्रॅम) एका पिसाचं वजन साधारण 506 ग्रॅम, डझनाला सहा किलोच्या थोडं वर. डझनाला 60 किलो दिसलं की दशांशचिन्ह चुकलंय हे रिपोर्ट पाठवायच्या आधी कळतं.

मालक रिपोर्ट बघतात मोबाइलवर. तिथे पिव्हटची फाइल नीट उघडत नाही, म्हणून एका पानाची पीडीएफ पाठवा, महत्त्वाचे चार आकडे वर, चार्ट साध्या पट्ट्यांचा. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये डिजिट ग्रुपिंग 12,34,56,789 करा. [>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0 हा कस्टम फॉरमॅटही चालतो, पण उणे रकमेला तो इंग्रजी पद्धतीचेच स्वल्पविराम देतो. तोट्याचा आकडा असलेल्या पानावर तो वापरू नका.

पर्याय म्हणून गूगल शीट्स मोफत आहे आणि चार जणांनी एकाच वेळी नोंदी करायला एक्सेलपेक्षा सोयीचं आहे. मर्यादा एका फाइलीत 1 कोटी सेलची, म्हणजे 20 कॉलम असतील तर 5 लाख ओळी. त्यातलं क्वेरी फंक्शन चांगलं आहे, पण फोल्डरभर एक्सेल फाइली ओढून घ्यायची सोय तशी हाताशी नाही. लिब्रेऑफिस कॅल्क मोफत, पिव्हट आहे, पॉवर क्वेरी नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवर मोफत मिळतं आणि त्यात हीच पॉवर क्वेरी आहे, त्यामुळे इथे शिकलेलं तिथे फुकट जात नाही. पुण्याच्या नोकऱ्यांकडे डोळा असेल तर ती पुढची पायरी.

ज्यांची रोजची नोंद एकाच शीटमध्ये होते आणि महिन्याला पाचशे ओळीही होत नाहीत, त्यांनी याच्या मागे लागू नये. टेबल, समइफ्स (अटींनुसार बेरीज करणारा फॉर्म्युला) आणि पिव्हट पुरे. बाकीच्यांना रोज तासभर दिला तर दोन महिन्यांत हात बसतो. सराव ऑफिसच्या खऱ्या फाइलींवर करा, पण पार्टीची नावं आणि दर बदलून. मुलाखतीला प्रिंट नेण्यापेक्षा लॅपटॉपवर तो फोल्डर न्या आणि समोरच्यांना सांगा, यात एक नवीन फाइल तुम्हीच टाका, मी रिफ्रेश करतो.