हवेचा पंप आणि पंक्चर किट: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

मे महिन्यात घेतलं होतं, आता डिसेंबर लागलाय, म्हणजे पाऊस आणि पावसानंतरचे खड्डे दोन्ही बघून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गाडी साधी हॅचबॅक, टायर ट्यूबलेस, रोजचं मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). किटमध्ये १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा पंप, टी हँडलच्या दोन सुया, भोकात घालायच्या चिकट रबरी स्ट्रिप्स आणि सोल्युशनची ट्यूब.

सरळ सांगतो, पैसे वसूल झाले ते पंपामुळे. मुंबईत टायर फट्कन बसतो असं क्वचितच होतं, कुठल्यातरी कामाजवळचा स्क्रू घुसतो आणि तोच भोकात अडकून बसतो, हवा हळूहळू जाते, सकाळी पार्किंगमध्ये टायर बसलेला आणि वॉचमन सांगायला तयारच. अशा वेळी स्क्रू उपटायचा नाही! इंजिन चालू ठेवून पंप लावायचा, माझ्या गाडीला ३३ पीएसआय लागतं (तुमचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा), आणि सरळ पंक्चरवाल्याकडे. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा, सकाळी सहाला लावलात तर वरून कोणीतरी डोकावणारच. हवा भरून झाली की पाइपाचं पितळी टोक लगेच धरू नका, चांगलं तापलेलं असतं. वायर मागच्या चाकापर्यंत जेमतेम पोचते, आणि मीटर दोनेक पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून मी वेगळा गेज ठेवलाय.

आता स्ट्रिप. घाटकोपर मानखुर्द लिंक रोडवर भर पावसात एकदा लावावी लागली. व्हिडिओत दिसतं तितकं सोपं नाही हो, खरखरीत सुई आत घालताना टायरमधल्या स्टीलच्या तारा अडतात, अक्षरशः अंगाचा भार टाकावा लागतो. मग स्ट्रिप दुसऱ्या सुईत अर्ध्यावर ओवायची, सोल्युशन लावायचं, दोन्ही शेपट्या बोटभर बाहेर राहतील इतकं दाबायचं आणि झटक्यात सुई ओढायची. शेपट्या कापल्या, थुंकी लावून बघितली, बुडबुडा नाही, निघालो. ती स्ट्रिप टायरच्या मधल्या पट्ट्यात होती, आजही टिकून आहे.

दुसरी एकाने रस्त्यावर लावून दिली होती, कडेला, जिथे टायर वळतो तिथे, ती काही आठवड्यांतच हवा सोडायला लागली. शेवटी मशरूम केलं, म्हणजे छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच. त्यात टायर रिममधून काढतात, आतून घासतात, सोल्युशन लावून मशरूमचा दांडा आतून बाहेर ओढतात, टोपी आतल्या बाजूला चिकटते. स्ट्रिप फक्त भोक भरते, मशरूम आतूनही बंद करतं, त्यामुळे पाणी तारांपर्यंत जात नाही. आमच्याकडे स्ट्रिपचे शंभर-दीडशे, मशरूमचे तीन-चारशे, वर बॅलन्सिंग वेगळं. माझ्या मते स्ट्रिप घरी पोचण्यापुरती, लांब जायचं असेल तर सरळ मशरूम करून घ्या. पण तेही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात आणि भोक साधारण ६ मिमीपर्यंत असेल तरच.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, काही म्हणजे काही करायचं नाही. ऑगस्टमध्ये एका खड्ड्याने मला साइडवॉलवर फुगा दिला, म्हणजे आतले धागे तुटलेले, एकजण म्हणाला आतून पॅच मारून देतो, मी हात जोडले. नवा टायर घेताना त्यावर छापलेल्या डीओटीच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२४ म्हणजे टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मला आधी चार वर्षं पडून असलेला माल दाखवला होता, नवीन म्हणून!

ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही (टायर ट्यूबलेस असून प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट दिलं की २०२०पासून नियमाने चालतं) त्यांनी तर पंप घ्याच. अटल सेतूवर २१.८ किलोमीटरमध्ये पंक्चरवाला कुठून आणणार, चढायच्या आधीच हवा बघून घेतलेली बरी. आणि हो, सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की पुढच्या वेळेपर्यंत वाळून दगड होते, एक सीलबंद ट्यूब डिकीत जास्तीची ठेवा.