उंदराच्या औषधाच्या वड्या: मेलेलं जनावर बघवत नसेल तर आणण्याआधी वाचा

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, जुनं, वर पत्रा आणि खाली लाकडी माळा, शेजारी टॉवेलचा कारखाना, त्यामुळे उंदीर कायमचेच. एप्रिलमध्ये ज्वारीचं पोतं कुरतडलं तेव्हा ह्या वड्या आणल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असल्या वड्यांत जास्त करून एकच औषध असतं, ब्रोमाडियोलोन 0.005 टक्के.

काम करतं का, तर करतं. खाल्ल्यावर रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन तीन-चार दिवसांनी उंदीर मरतो, लगेच मरत नसल्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही आणि तेपण खातात. पाचव्या दिवशी माळ्यावरची खुडबुड बंद.

पण दुकानदार म्हणाले होते, "ताई, पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतंय, घरात मरत नाही." हे साफ चूक आहे. आजारी उंदीर अंधारात कुठंतरी दडून बसतो आणि तिथंच मरतो. सोलापूरचं ऊन, वर तापलेला पत्रा, दोन दिवसांत असा वास सुटला की जेवण जाईना, आणि ट्यूबलाइटभोवती हिरव्या माशा घोंगावायला लागल्या. शेवटी मीच माळ्यावर चढले, चादरींची घडी उचलली तर खाली तो. पुढचे दोन पाय छातीशी धरलेले, दाणा धरून खात असल्यासारखे, आणि पोटाखालची चादर ओली. मी तशीच खाली आले, मोरीत जाऊन उलटी झाली, हात दुपारपर्यंत थरथरत होते.

लोक म्हणतात एवढ्याशा उंदराला काय घाबरायचं. अहो, जिवंत उंदीर मी झाडूनं हाकलते! मेलेल्याचंच होत नाही मला, लहानपणी शाळेच्या वाटेवर मेलेलं कुत्रं असलं तर मी पुढच्या गल्लीतून फिरून जायचे. हा नाजूकपणा नाही, अंगच ऐकत नाही त्याला काय करणार.

शेजारचे अण्णा आले, हातमोजे घातले, आधी त्याच्यावर फिनेल ओतून पाच-दहा मिनिटं थांबले, मग दोन पिशव्यांत बांधून नेलं. कोरडं झाडायचं नाही आणि उघड्या हातानं तर अजिबात नाही, उंदरापासून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येऊ शकतो. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर ह्या वड्या आणूच नका, तसला उंदीर खाल्ला तर त्यांनापण विष चढू शकतं. खाल्लंच तर लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, व्हिटॅमिन के 1 हा त्याच्यावरचा उतारा आहे.

चिकट पॅडचं तर नावच काढू नका, त्यात जिवंत उंदीर तासन् तास ओरडत राहतो, ते मला मेलेल्यापेक्षा वाईट वाटतं.

आता मधला मारुती भागातल्या बाजारातून जाळीचा पिंजरा आणलाय, आत भज्याचा तुकडा अडकवायचा. रोज सापडत नाही, वेळ लागतो, पण सकाळी भाऊ उचलून लांब माळावर सोडून येतो आणि माळ्यावर चढताना मला आधी नाकाला पदर लावून वास घ्यावा लागत नाही.

वड्यांना औषध म्हणून 4 स्टार, माझ्यासारख्यांसाठी 1.