लग्नानंतरची पहिली ट्रिप: महाबळेश्वर की तारकर्ली?

मामेबहिणीचं लग्न डिसेंबरात, दोघंही मुंबईत नोकरीला, सुट्टी मोजकी, म्हणून विचारतीये कुठे जाऊ.

प्रवास म्हणाल तर महाबळेश्वर साधारण २६० किमी, स्वतःची गाडी हवी. सासरचे म्हणतायत आधी जोडीनं जेजुरीला जाऊन या, तर पुण्यावरून वाट थोडी वाकडी करून तेही होतं, नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, कपाळ पिवळंधमक घेऊनच पुढे वाई-पाचगणी. फार छान वाटतं ते! तारकर्लीला कोकणकन्येनं रात्री निघायचं, सकाळी कुडाळ, पुढे रिक्षा. तिकीट मात्र ६० दिवस आधी बुकिंग उघडलं की लगेच काढा.

खर्चात तारकर्ली बरी, घरगुती होमस्टे, सुरमईचं ताट, सोलकढी. महाबळेश्वरात वीकेंडला रूमचे भाव चढतात आणि पॉइंटवर गर्दी, निवांत बोलताही येत नाही.

थंडी, स्ट्रॉबेरी आणि देवदर्शन एकाच फेरीत हवं असेल तर महाबळेश्वर. लग्नाच्या धावपळीनं दमला असाल आणि फक्त दोघांनाच वेळ हवा असेल तर तारकर्ली, मालवणहून होडीनं सिंधुदुर्ग किल्लाही होईल. नाताळचा आठवडा तेवढा दोन्हीकडे टाळा.