पहिला हाउस ट्रॅक : एबलटन लाइव्हमध्ये करावा की एफएल स्टुडिओमध्ये?

संगणकावर हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा पहिला ट्रॅक करू पाहणाऱ्याला आधी सॉफ्टवेअरचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा सांगणाऱ्याने स्वतः जे घेतले त्याचीच भलामण करणारी असतात. एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ या संगीत तयार करण्याच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उत्तम हाउस तयार होते आणि तयार झालेला ट्रॅक ऐकून तो कशात केला हे कोणाला सांगता येत नाही. फरक आहे तो काम पुढे सरकण्याच्या रीतीत. म्हणून इथे सुविधांच्या याद्या न लावता, हाउसचा ट्रॅक घडताना जी कामे क्रमाने समोर येतात त्या कामांवर ही दोन सॉफ्टवेअर पारखली आहेत.

सुरुवात ठेक्यापासून होते. हाउस १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकागोत आकाराला आले आणि त्याचा सांगाडा त्या काळच्या ड्रम मशीनांनी ठरवला. १९८० ची रोलँड टीआर-८०८ आणि १९८३ ची टीआर-९०९ यांच्यावर सोळा बटणांची एक रांग असे आणि प्रत्येक बटण म्हणजे चार बीटच्या एका बारचा सोळावा हिस्सा असे. एफएल स्टुडिओचा चॅनल रॅक हीच रांग पडद्यावर मांडतो. किक (जड ड्रमचा खालचा आघात) १, ५, ९ आणि १३ या घरांवर, क्लॅप (टाळीसारखा आवाज) ५ आणि १३ वर आणि उघडी हाय-हॅट (झांजेसारखा आवाज) ३, ७, ११ आणि १५ वर ठेवून टेम्पो मिनिटाला १२४ बीटवर नेला, की ओळखू येईल असा हाउसचा ठेका काही मिनिटांत वाजू लागतो. लाइव्हमध्ये हेच काम ड्रम रॅकमध्ये आवाज भरून आणि मिडी क्लिपच्या (ध्वनी नव्हे, तर नोट्स साठवणाऱ्या तुकड्याच्या) चौकटीत नोट्स मांडून करतात. ते अवघड नाही, पण ज्याने यापूर्वी काहीच केलेले नाही त्याला ती चौकट एफएलच्या रांगेइतकी आपोआप उलगडत नाही. या पहिल्या टप्प्यावर एफएल सरस आहे.

मात्र असा ठेका वाजतो तेव्हा तो बहुतेकदा ताठ वाटतो, आणि पुष्कळ नवशिके इथे चांगले सॅम्पल (ध्वनिमुद्रणांचे तयार तुकडे) शोधायला निघतात. खरी उणीव स्विंगची असते. स्विंग म्हणजे सम क्रमांकाच्या घरांवरचे आघात किंचित उशिरा वाजवणे. १२४ च्या टेम्पोला एक बीट सुमारे ४८४ मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा हिस्सा सुमारे १२१ मिलिसेकंदांचा असतो. ५६ टक्के स्विंग दिल्यास ते आघात जेमतेम १४-१५ मिलिसेकंद मागे सरकतात आणि तेवढ्याने ठेका डुलू लागतो. वर सांगितलेल्या मांडणीत सम घरांवर काहीच नाही, त्यामुळे स्विंगचा परिणाम ऐकायचा तर बंद हाय-हॅट किंवा शेकर सोळाही घरांवर भरून पाहावा. एफएलमध्ये चॅनल रॅकवर स्विंगचा एकच सरकता दांडा आहे आणि प्रत्येक आवाजाने तो किती मानायचा हे त्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. लाइव्हचा ग्रूव्ह पूल याहून सखोल आहे : त्यात तयार ग्रूव्ह, म्हणजे ठेक्याच्या डुलण्याचे साचे, मिळतात आणि एखाद्या जुन्या ड्रम लूपमधला (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यातला) डौल काढून तो स्वतःच्या ठेक्याला लावता येतो. दांडा लवकर समजतो, पण ज्याचा कान अशा बारकाव्यांत रमतो त्याला पुढे ग्रूव्ह पूलच हवासा वाटेल.

यानंतर येतो किक आणि बेस यांचा झगडा. दोघेही खालच्या पट्टीतली तीच जागा मागतात, म्हणून किक वाजताक्षणी बेसचा आवाज दाबून तो पुढच्या किकच्या आत पूर्ववत वर आणावा लागतो. हाउसमध्ये ऐकू येणारी ती श्वासासारखी उघडझाप बरीचशी यातूनच येते. लाइव्हमध्ये बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी दाबणारे साधन) ठेवून त्याचा साइडचेन (दुसऱ्या आवाजाच्या इशाऱ्यावर दाबण्याचा) विभाग उघडावा आणि किकचा ट्रॅक निवडावा, एवढ्यात मूळ मांडणी होते. एफएलमध्ये आधी मिक्सरमध्ये किकच्या ट्रॅककडून बेसच्या ट्रॅककडे साइडचेनची वाट काढावी लागते आणि मग फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प्रेसर विभागात तो स्रोत निवडावा लागतो. एकदा केले की लक्षात राहते, परंतु मिक्सरमध्ये आवाज कुठून कुठे जातो याची कल्पना नसलेला माणूस इथे हमखास अडतो. दोन्हींकडे रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज पूर्ववत होण्याचा वेळ, ४८४ मिलिसेकंदांच्या बराच आत ठेवावा. सुरुवातीला २०० च्या आसपास ठेवून कानाने ठरवणे बरे.

कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि सूर लिहिण्याच्या बाबतीत एफएलचा पियानो रोल, म्हणजे नोट्स मांडण्याची चौकट, खरोखर मोकळा हात देतो. तयार कॉर्डचे शिक्के, निवडलेल्या स्केलच्या पट्ट्या आणि दुसऱ्या वाद्याच्या नोट्स मागे फिकट दिसण्याची सोय यांमुळे संगीताचे औपचारिक शिक्षण नसलेल्यालाही सातव्या आणि नवव्या सुरांच्या कॉर्ड, ज्यांच्यावर हाउसचा डीप हाउस हा प्रकार उभा असतो, पटकन मांडता येतात. लाइव्हने २०२४ च्या बाराव्या आवृत्तीत स्केल आणि नोट्स बदलण्याची साधने बरीच वाढवली असली तरी निव्वळ नोट्स लिहिण्याचा आनंद एफएलमध्ये अधिक आहे, असे माझे मत आहे.

सॅम्पल आणि गायन यांचे पारडे मात्र उलट झुकते. हाउसचा मोठा भाग जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे आणि गाण्याच्या एक-दोन ओळी यांवर उभा आहे, आणि वेगळ्या टेम्पोतला तुकडा ठेक्यात बसवणे लाइव्हच्या वार्प या सोयीमुळे अतिशय सहज होते. एफएलमध्येही आवाज ताणता येतो. पण त्याची सर्वांत स्वस्त, फ्रूटी नावाची आवृत्ती घेणाऱ्याने विकत घेण्याआधीच एक गोष्ट जाणून घ्यावी : तिच्यात ध्वनिमुद्रण करता येत नाही. गायन ध्वनिमुद्रित करायचे असेल तर प्रोड्यूसर आवृत्तीपासून पुढेच पाहावे लागते. लाइव्हची प्राथमिक, इंट्रो नावाची आवृत्ती १६ ट्रॅकवर थांबते, जे एका साध्या हाउस ट्रॅकला काटकसरीने पुरतात.

आता ज्या कामावर बहुतेक पहिले ट्रॅक अर्धवट राहतात त्याकडे वळू. आठ बारचा लूप, जो १२४ च्या टेम्पोला जेमतेम साडेपंधरा सेकंद चालतो, तो पाच-सहा मिनिटांचा करायचा असतो. त्यात डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये मिसळता यावे म्हणून सुरुवातीला आणि शेवटी केवळ ठेक्याचे १६ किंवा ३२ बार ठेवायचे असतात आणि मध्ये काढघाल करून तणाव घडवायचा असतो. ३२ बार म्हणजे साधारण एक मिनिट, हे ध्यानात घेतले की मांडणीचा हिशेब सोपा होतो. लाइव्हचा सेशन व्ह्यू यासाठी वेगळाच उपाय देतो : लूपचे तुकडे उभ्या रांगांत लावावेत, ते वाजवत कधी बेस काढावा, कधी हाय-हॅट आणावी, आणि ही सगळी उठाठेव अरेंजमेंट व्ह्यूमध्ये मुद्रित होऊ द्यावी. परिणामी पाच मिनिटे वाजवल्यावर पाच मिनिटांचा कच्चा आराखडा हाती येतो, जो नंतर दुरुस्त करता येतो. कोऱ्या पट्टीवर तुकडे चिकटवत बसण्यापेक्षा हे मनाला फार हलके जाते. एफएलमध्ये प्लेलिस्टवर, म्हणजे मांडणीच्या पट्टीवर, पॅटर्न रंगवत जावे लागते. ते नीटनेटके दिसते, पण एक पॅटर्न बदलला की तो जिथे जिथे वापरला तिथे बदलतो, आणि एखाद्या जागी वेगळेपण हवे तर त्याची स्वतंत्र प्रत करण्याचे भान ठेवावे लागते. एफएलमध्येही वाजवत मांडण्याचा एक मोड आहे, तथापि तो त्याचा मूळ स्वभाव नव्हे. सेशन व्ह्यूचा धोकाही सांगायला हवा : तिथे तासन्‌तास नुसते वाजवत बसण्याचा मोह होतो आणि मुद्रणाचे बटण दाबायचे राहूनच जाते.

खर्चाचे गणित थोडक्यात असे आहे. एफएल एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य मिळतात. लाइव्हच्या मोठ्या आवृत्तीबदलाला पुन्हा पैसे पडतात. मॅक असणाऱ्याला अ‍ॅपलचे गॅरेजबँड हे संगीताचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्यात साइडचेन नाही. अ‍ॅपलचेच लॉजिक प्रो हा त्यापुढचा भक्कम पर्याय आहे आणि त्याची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. लिनक्ससाठी या लेखातल्या दोघांपैकी एकाचीही अधिकृत आवृत्ती नाही.

माझा कौल असा : ज्याला हाउसच करायचे आहे आणि सॅम्पल किंवा गायन वापरायचे आहे त्याने लाइव्ह घ्यावे, कारण अडखळण्याच्या दोन मोठ्या जागा, साइडचेन आणि मांडणी, तिथे सौम्य आहेत. ज्याला नोट्स लिहायला आवडते, जो पुढे हाउसखेरीज इतरही काही करील आणि ज्याला खर्च एकदाच करायचा आहे त्याने एफएल घ्यावे.

तरीही मन ठरत नसेल तर दोन्हींच्या चाचणी आवृत्त्यांतला फरक उपयोगी पडतो. एफएलच्या चाचणीला मुदत नाही आणि तिच्यातून आवाज निर्यात करता येतो. फक्त जतन केलेला प्रकल्प विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. लाइव्हची चाचणी ३० दिवसांची आहे. तेव्हा आधी एफएलमध्ये एका बैठकीत आठ बारचा लूप करावा, प्रत्येक मिक्सर ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून घ्यावा, त्याच बैठकीत त्या लूपची मांडणी प्लेलिस्टवर करून पाहावी, आणि मगच लाइव्हची चाचणी सुरू करून त्याच फाइली सेशन व्ह्यूमध्ये ओढून पुन्हा मांडाव्यात.